मागवले एक, आले दुसरेच : चुकीच्या पार्सलचे निवारण, सोप्या तपासणीपासून ग्राहक आयोगापर्यंत

लक्षणे

चुकीच्या पार्सलची तक्रार बहुधा पुढीलपैकी एका रूपात समोर येते.

– लेबलवर नाव-पत्ता आपला आहे, पण आत भलतीच वस्तू आहे.
– वस्तू त्याच जातीची आहे, मात्र माप, रंग, क्षमता किंवा मॉडेल वेगळे आहे.
– छापील खोके बरोबर आहे आणि आतली वस्तू वेगळी आहे.
– वस्तू वरून तशीच दिसते, पण ती वापरलेली किंवा नकली असल्याचा संशय येतो.
– खोक्यात साबण, दगड किंवा रद्दी भरलेली आहे.
– बदलून आलेली वस्तूही पुन्हा तीच चुकीची आहे.
– वस्तू परत नेण्यासाठी आलेला मुलगा "ही ती वस्तू नाही" असे सांगून हात हलवत परत जातो.

शेवटचे लक्षण वाचून काहींना हसू येईल, पण मी सर्वाधिक वेळा निस्तरलेले प्रकरण तेच आहे. मी ऐरोलीतील एका गृहनिर्माण संस्थेचा सात वर्षे सचिव आहे. गेटवर वॉचमनच्या टेबलाखाली साचणाऱ्या पार्सलांची जबाबदारी कोणत्याही उपविधीत लिहिलेली नसली, तरी ती माझ्याकडे आपोआप आली आहे. अनुभवाने इतके कळले की विक्रेत्याशी भांडण्यापूर्वी चूक कोणाच्या हातून आणि कोणत्या टप्प्यावर झाली हे ठरवावे लागते. ते ठरवले नाही, तर योग्य तक्रार चुकीच्या नावाखाली नोंदली जाते आणि पैसे अडकतात. पुढील तपासण्या त्याच क्रमाने कराव्यात. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

आधी आपली ऑर्डर पुन्हा वाचावी

ॲपमधील ऑर्डरचे पान उघडून वस्तूचे पूर्ण नाव, माप, रंग आणि नग वाचावेत. केवळ चित्र पाहू नये. एकाच पानावर तीन, पाच आणि साडेसात लिटरचे कुकर असतात, चित्र सर्वांत मोठ्याचे असते आणि बोट मात्र सर्वांत स्वस्त पर्यायावर पडलेले असते. दोन वस्तू एकत्र मागवल्या असतील, तर त्या दोन वेगळ्या खोक्यांतून, दोन वेगळ्या दिवशी येऊ शकतात. घरात एकच खाते चौघे वापरत असतील, तर चिरंजीवांनी काय मागवले आहे हेही विचारून घ्यावे. ही तपासणी आधी करण्याचे कारण असे की चूक आपली निघाली, तर मार्ग साध्या परतीचा आहे. तेथे "चुकीची वस्तू पाठवली" असे लिहिल्यास विक्रेता ऑर्डरची प्रत पुढे करतो आणि पुढच्या खऱ्या तक्रारीलाही आपल्या शब्दाला वजन उरत नाही.

मग लेबल, आणि विशेषतः पिनकोड

लेबलवर नाव, पत्ता, ऑर्डर क्रमांक, कुरियरचा क्रमांक आणि विक्रेत्याचे नाव असते. घाईत पिशवी फाडून लेबल कचऱ्यात टाकणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. नवी मुंबईत पत्त्याचा घोळ होण्यास जागेची रचनाच कारणीभूत आहे. येथे प्रत्येक उपनगरात सेक्टरचे क्रमांक नव्याने सुरू होतात. सेक्टर १५ वाशीत आहे, नेरुळमध्ये आहे, कोपरखैरण्यात आहे आणि आमच्या ऐरोलीतही आहे. पत्त्यात "सेक्टर १५, नवी मुंबई" एवढेच लिहिलेले असेल, तर पार्सल पिनकोडच्या भरवशावर फिरते : वाशी ४००७०३, नेरुळ ४००७०६, ऐरोली ४००७०८, कोपरखैरणे ४००७०९. एकदा आमच्याकडे आलेला लहान मुलांचा सायकलचा संच चार दिवस पडून होता आणि त्याचा मालक कोपरखैरण्यात आमच्याच सेक्टर क्रमांकाच्या, आमच्यासारख्याच नावाच्या सोसायटीत राहत होता. त्यामुळे "विक्रेत्याने फसवले" असे म्हणण्यापूर्वी लेबलवरचे नाव खरोखर आपले आहे का, आणि बी विंगचे ४०२ व डी विंगचे ४०२ यांची अदलाबदल झाली नाही ना, हे वॉचमनच्या वहीत पाहावे. दुसऱ्याचे पार्सल फोडले गेले असेल, तर ते चिकटवून गुपचूप ठेवू नये; त्या व्यक्तीला बोलावून तिच्या देखत फोटो काढावेत.

वजन

ही तपासणी फारसे कोणी करत नाही. अनेक लेबलांवर पार्सलचे वजन छापलेले असते. आलेले खोके, पॅकिंगसह, काट्यावर ठेवावे. घरी काटा नसेल तर कोपऱ्यावरचा रद्दीवाला किंवा वाणी दोन मिनिटांत तोलून देतो. लेबलवर पावणेदोन किलो आणि काट्यावर अर्धा किलो भरले, तर वस्तू निघाल्यानंतर वाटेत काढली गेल्याचा संशय बळकट होतो. दोन्ही वजने जुळली आणि तरीही वस्तू चुकीची असेल, तर चूक बहुधा गोदामातच झालेली आहे. लेबलवरचे वजन कधीकधी प्रत्यक्ष तोललेले नसून विक्रेत्याने आधीच भरून ठेवलेले असते, म्हणून वजन जुळणे हा पक्का निष्कर्ष मानू नये. न जुळणे मात्र उपयोगी पडते. काट्याचा आकडा आणि लेबल एकाच फोटोत यावेत.

गोदामात चूक कशी होते हे समजून घेतले तर पुढचे बरेच काही उलगडते. तेथे माल बांधणारा माणूस वस्तू पाहून नव्हे, तर तिच्यावर चिकटवलेल्या बारकोडवरून बांधतो. बारकोडची चिकटपट्टी चुकीची लागली असेल, तर यंत्र "बरोबर" असेच दाखवते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ५ लिटरचा कुकर मागवला होता. खोक्यावर ५ लिटर छापलेले होते, त्यावरच्या पांढऱ्या चिकटपट्टीवरही तेच होते आणि आत ३ लिटरचा कुकर होता. बदलून आलेल्या खोक्यातही ३ लिटरचाच निघाला. अख्खा लॉटच चुकीच्या खोक्यांत भरला गेला असावा, असे मला तेव्हा लक्षात आले. म्हणून माझा सल्ला असा की दुसऱ्यांदा तीच चुकीची वस्तू आली की बदलीची मागणी सोडून द्यावी आणि पैसे परत मागावेत. तिसऱ्या खेपेत परतीची मुदत संपून जाते. खोक्याची मूळ चिकटपट्टी कापून वर दुसरी लावलेली दिसली, तर कोणीतरी परत केलेला माल न तपासता पुन्हा विकला गेल्याची शक्यता असते. त्या दुहेरी चिकटपट्टीचा जवळून फोटो घ्यावा.

वस्तू खरी आहे का

वस्तू मागवलेल्या नावाचीच आहे, पण संशयास्पद आहे, अशा वेळी छापील पाकिटावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहकसेवेचा तपशील आहे का ते पाहावे. आवेष्टित वस्तूंवर हे छापणे वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक फोनमधील, खोक्यावरचा आणि बिलावरचा असे तिन्ही जुळले पाहिजेत. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबले की तो दिसतो. दागिन्याचा सहा अक्षरी हॉलमार्क क्रमांक आणि आयएसआय चिन्हाखालील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तपासता येतो. बिलावर जीएसटी क्रमांक असेल, तर तो पंधरा अक्षरी असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात. महाराष्ट्राचा २७, गुजरातचा २४, दिल्लीचा ०७. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की नोंदणीकृत नाव दिसते. हे नाव पुढे आयोगाकडे लागते, कारण ॲपवर दिसणारे दुकानाचे नाव आणि कायद्याच्या दृष्टीने जबाबदार असलेल्या धंद्याचे नाव एकच असते असे नाही.

विजेचे उपकरण चुकीचे आले असेल, तर ते "चालते का पाहू" म्हणून प्लगला लावू नये. एक तर ते वापरलेले ठरते, आणि दुसरे म्हणजे वेगळ्या व्होल्टेजचा चार्जर किंवा फुगलेली बॅटरी धोकादायक असते. औषध किंवा बाळाचे अन्न चुकीचे आले असेल, तर नाव मिळतेजुळते असले तरी ते पोटात जाऊ देऊ नये. औषधाचा प्रश्न विक्रेत्याला नव्हे, आपल्या डॉक्टरांना विचारावा.

पुरावा

पार्सल उघडतानाचे चित्रीकरण कायद्याने सक्तीचे नाही. ते नसल्यामुळे तक्रार आपोआप फेटाळली जाते, असे ग्राहकसेवेतील कोणी सांगितले तरी ते खरे मानू नये. पण असलेले बरे. चित्रीकरण सलग असावे : आधी लेबल वाचता येईल एवढ्या जवळून, मग खोक्याच्या सहाही बाजू, मग चिकटपट्टी कापणे, मग आतली वस्तू आणि तिच्यावरचा मॉडेल क्रमांक. मध्ये फोन खाली ठेवला की त्या चित्रीकरणाचा अर्धा अर्थ जातो. मूळ फाइल ज्या फोनवर घेतली तेथेच राहू द्यावी. व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत दाबली जाते आणि तिच्यावरचे बारीक अक्षर वाचता येत नाही. विक्रीचे पान त्याच दिवशी स्क्रीनशॉट काढून ठेवावे, कारण तक्रार झाल्यावर ते पान बदललेले मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

परतीचे कारण निवडताना

सगळ्या प्रक्रियेत बोटाच्या एका दाबाने सर्वाधिक नुकसान येथे होते. परतीच्या अर्जात कारणांची यादी येते : आवडले नाही, गरज उरली नाही, माप बसत नाही, चुकीची वस्तू आली, सदोष आहे. "लवकर पिकअप येतो" म्हणून लोक "गरज उरली नाही" निवडतात. त्या क्षणी विक्रेत्याची चूक आपली लहर बनते. परतीचा खर्च कापला जाऊ शकतो, परत न घेण्याजोग्या मालाची अट पुढे केली जाते, आणि मुख्य म्हणजे पिकअपला येणाऱ्या मुलाच्या फोनवर मागवलेल्या वस्तूचे चित्र जाते. त्याला ५ लिटरचा कुकर न्यायचा असतो. आपण त्याच्यापुढे ३ लिटरचा ठेवतो. तो "जुळत नाही" अशी नोंद करून निघून जातो. त्याची चूक नसते. त्याने तो कुकर नेला असता, तर गोदामात त्याच्यावरच बालंट आले असते.

म्हणून कारण नेहमी "चुकीची वस्तू आली" हेच निवडावे आणि खाली मोकळ्या जागेत एका ओळीत लिहावे : "मागवले ५ लिटर, आले ३ लिटर, आलेली वस्तू परत न्यावी." तरीही पिकअप नाकारला गेला, तर त्या मुलाशी वाद न घालता त्याने नोंदवलेले कारण विचारावे, तारीख-वेळ टिपावी आणि लगेच ॲपमधील चॅटवरून "आलेली चुकीची वस्तूच उचलायची आहे" असे लेखी कबूल करून घ्यावे. दुसऱ्या पिकअपला तो संदेश दाखवला की बहुतेक वेळा काम होते. वस्तू देताना पिकअपची पोच घेतल्याशिवाय ती हातातून सोडू नये. पोच नसेल तर "वस्तू परत मिळालीच नाही" या नव्या तक्रारीचे निवारण करावे लागते आणि ते पहिल्यापेक्षा कठीण असते.

येथे एक सावधगिरी. ग्राहकसेवेचा क्रमांक गुगलवर शोधू नये. तो ॲपमधून किंवा बिलावरूनच घ्यावा. शोधात वर येणारे काही क्रमांक ठगांचे असतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. कोणी फोनवर दुसरे ॲप उतरवून घ्यायला सांगितले, तर फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच असतील, तर इतर सर्व सोडून आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, कारण तेथे मिनिटांना किंमत आहे.

तक्रार निवारण अधिकारी

परतीची मागणी नाकारली गेली, की साधी ग्राहकसेवा सोडून तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जावे. २०२० च्या ई-वाणिज्य ग्राहक संरक्षण नियमांनुसार त्याचे नाव आणि संपर्क संकेतस्थळावर असणे आवश्यक आहे, त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि निवारण एका महिन्यात करायचे असते. वस्तू जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. "ही वस्तू परत घेतली जात नाही" ही पाटी मन बदललेल्या ग्राहकासाठी ठीक आहे. चुकीच्या मालाला ती लागू होत नाही. ॲप केवळ बाजारपेठ असेल, म्हणजे माल दुसराच कोणी विकत असेल, तर विक्रेत्याचा पत्ता व संपर्क लेखी मागावा. खरेदी केलेल्या ग्राहकाने मागितल्यावर तो देणे बाजारपेठेवर बंधनकारक आहे. पत्र छोटे असावे : ऑर्डर क्रमांक, तारीख, काय मागवले, काय आले, काय हवे, आणि फोटो. संताप लिहू नये. वाचणाऱ्याला त्यातून तारखा शोधाव्या लागतात.

क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील, तर याच काळात बँकेकडे व्यवहाराविषयी वाद नोंदवावा. त्याला बँकेची स्वतःची मुदत असते, त्यामुळे विक्रेत्याच्या उत्तराची वाट पाहत बसू नये. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. माल आल्यावर रोख दिलेल्यांना हा मार्ग नाही.

१९१५, आणि त्यानंतर आयोग

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. येथे मराठीतही बोलता येते आणि तक्रारीचा क्रमांक मिळतो. हेल्पलाइन निकाल देत नाही. ती कंपनीकडे तक्रार पोहोचवते आणि उत्तर मागते. पण मोठ्या बाजारपेठांच्या बाबतीत एवढ्यानेच पैसे परत आलेले मी पाहिले आहेत. इन्स्टाग्रामवरच्या पानावरून, बिलाशिवाय घेतलेल्या साडीबाबत मात्र फार आशा धरू नये.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करावी लागते. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दाखल करणे ई-जागृती संकेतस्थळावरून घरबसल्या होते. विक्रेता सुरतेचा असो वा दिल्लीचा, तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगाकडे जाता येते. ही तरतूद आपल्या भागात फार कामाची आहे. ऐरोली, वाशी, नेरुळ ठाणे जिल्ह्यात आहेत. खारघर आणि कामोठे लोकांच्या बोलण्यात नवी मुंबईच असले तरी जिल्हा रायगड आहे आणि त्याचा आयोग अलिबागला. माझी भाची खारघरला राहते आणि वाशीत नोकरी करते. तिने नोकरीच्या ठिकाणाच्या आधारे ठाणे जिल्ह्यात तक्रार केली आणि अलिबागच्या खेपा वाचवल्या. दुकानात पुढे विकण्यासाठी माल मागवला असेल, तर तो व्यापारी हेतू ठरून तक्रार अडू शकते, हे आधीच पाहावे.

कोठे थांबावे

तीनशे रुपयांच्या कव्हरसाठी १९१५ नंतर मी थांबतो आणि दुसऱ्यांनाही थांबायला सांगतो. फाइल तयार करायला जाणारा रविवार त्याहून महाग असतो.

खोक्यात साबण किंवा दगड निघाला असेल आणि वस्तू महागडी असेल, तर घरच्या घरी निवारण करू नये. खोके जसेच्या तसे ठेवून स्थानिक पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. विक्रेत्याने उलट आपल्यावरच वस्तू बदलल्याचा आरोप लेखी केला असेल, त्याच्याकडून कायदेशीर नोटीस आली असेल, चुकीच्या वस्तूमुळे इजा झाली असेल, किंवा रक्कम लाखाच्या घरात असेल, तर तेथून पुढे एकही ईमेल स्वतः लिहू नये. अशा वेळी वकील गाठावा. वकिलाकडे जाण्याआधी प्रकरणात दम आहे का एवढेच जाणून घ्यायचे असेल, तर १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत मार्गदर्शन करते. जाताना बिल, लेबल, विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट, चॅट तारखेच्या क्रमाने छापून न्यावेत, आणि ज्या फोनवर चित्रीकरण आहे तो फोन तोपर्यंत एक्स्चेंजमध्ये देऊ नये. वहिनींनी नेमका तोच दिला होता.